एका मताने

डॉक्टरांचं नाव मी इथे घेणार नाही. त्यांच्या बायकोनेही ते कधी घेतलं नाही, आणि त्या घरातलं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. मी त्यांना डॉक्टर म्हणायचो, शेजारचे गोरे 'डॉक' म्हणायचे, काकू 'अहो' म्हणायच्या. तेवढं पुरे आहे.

वॉटफर्डच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावरची मागची खोली मी घेतली ती दोन हजार चारच्या सप्टेंबरात. मी नागपूरहून वर्क परमिटवर आलो होतो, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम होतं, आणि मराठी घरात खोली, वर दोन्ही वेळचं जेवण मिळतंय म्हणून स्वतःला नशीबवान समजत होतो. दार डॉक्टरांनीच उघडलं. सत्तरीचा उंच, सडपातळ माणूस. घरातसुद्धा टाय, आणि शर्टाच्या खिशात टोक काढलेल्या तीन पेन्सिली: लाल, निळी, पिवळी. त्यांनी मला खुर्ची दिली आणि भाडं, सिगारेट, पाहुणेरावळे यातलं काहीएक न विचारता म्हणाले, "चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीतल्या इलेक्शनबद्दल तुला काय माहीत आहे?"

मला वाटलं, भारतातलं काहीतरी विचारतायत. मी आठवेल तसं आणीबाणीच्या आधीचं राजकारण बोलत सुटलो. ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, या देशातल्या. त्याबद्दल मला ओ की ठो माहीत नव्हतं, आणि तसं मी कबूल केलं. त्यावर ते खूश झाले. पाटी कोरी आहे, खोली तुझी, असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

इतरांच्या घरी जिथे सोफा आणि टीव्ही असतो त्या पुढच्या खोलीत त्यांनी ती निवडणूक मांडून ठेवली होती. चारी भिंतींवर आलेखाच्या कागदाचे तक्ते. स्कॉटलंडचा एक, वेल्सचा एक, यॉर्कशर, मिडलंड्स, ईस्ट अँग्लिया, लंडन, असे प्रांतवार. प्रत्येक मतदारसंघाला एक चौकोन, जिंकलेल्या पक्षाच्या रंगात रंगवलेला, आणि चौकोनात मुंगीएवढ्या अक्षरात किती मतांनी जिंकला तो आकडा. पक्षांची नावं ते घेत नसत. लाल, निळे आणि अधूनमधून पिवळे. ती निवडणूक फार अटीतटीची झाली होती म्हणे. खाणकामगारांचा संप, विजेची बोंब, कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालू, आणि त्यात मतदान. निकाल असा लागला की मतं निळ्यांना जास्त पडली, जागा लालवाल्यांना जास्त मिळाल्या, आणि बहुमत कुणालाच नाही. एवढं सांगून ते थांबायचे आणि मी काहीतरी बोलावं म्हणून माझ्याकडे बघायचे.

पहिले दोन महिने मी त्यांच्यावर निहायत खूश होतो, हे आधी सांगून टाकतो. एखाद्या रविवारी ते मला एका तक्त्यासमोर उभं करायचे आणि छडीने दाखवत जायचे. उत्तरेत लाल कसं घट्ट आहे, दक्षिणेत निळं कसं पसरलंय, आणि दोघांच्या मधल्या गिरणीच्या गावांमध्ये रंग कसे एकाआड एक येतात. देशाचा निकाल म्हणून काही नसतोच, ते सांगायचे. प्रांतांचे निकाल असतात, त्यांच्या बेरजेला आपण देश म्हणतो. हे मी नागपूरला फोनवर बायकोला ऐकवलं होतं, माझंच असल्यासारखं.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं: "मत नको, आकडा सांग." मी म्हटलं, आज थंडी जास्त आहे, की लगेच मत नको, आकडा सांग. आमटी खारट झालीय म्हटलं, तरी तेच. माणसांचीही त्यांनी वर्गवारी केलेली होती. काही माणसं सेफ सीट असतात, ती कुठेही उभी केली तरी हलत नाहीत. काही मार्जिनल असतात, वारा येईल तशी फिरतात. मी कोण, असं मी एकदा लाडात विचारलं. त्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं आणि अजून मोजणी चालू आहे म्हणाले. पुढे ती मोजणी संपली, आणि निकाल माझ्यापेक्षा त्यांना आधी कळला.

निवृत्तीपर्यंत ते पंचवीस वर्षं सरकारी दवाखान्यात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते. पेशंट आला की आधी मूळ गाव विचारायचे, मग त्या गावाचा चौऱ्याहत्तरचा फरक तोंडपाठ सांगायचे, आणि मग जीभ बघायचे. इंग्रज माणसाला असल्या गोष्टीचं कौतुक फार. आमच्या कोपऱ्यावरचा म्हातारा पोस्टमास्तर मला म्हणाला होता की तुमचा डॉक म्हणजे नॅशनल ट्रेझर आहे. बाहेर त्यांचं असं होतं. घरात काय होतं हे कुणी विचारलं नाही, आणि मीही बरेच दिवस बघितलं नाही.

घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मतदान व्हायचं. रात्रीला आमटी की वरण, रविवारी कुठे जायचं, खिडकीला पडदे कुठल्या रंगाचे. डॉक्टर टेबलाशी बसून प्रस्ताव मांडायचे, मी हात वर करायचो, ते हात वर करायचे. आमची मतं फुटली की अध्यक्ष म्हणून निर्णायक मत त्यांचं. म्हणजे नेहमी त्यांच्याच मनासारखं व्हायचं, आणि मला त्यात विनोद दिसायचा. काकू ओट्याशी उभ्या असायच्या. जे ठरेल ते त्या शिजवायच्या. एकदा पडद्यांच्या वेळी त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, हिरवे नकोत हो, खोली आधीच काळोखी आहे. डॉक्टर वळलेही नाहीत. "तुला मत नाही," ते म्हणाले. "तुझं मत तू तेव्हाच घालवलंस."

मी हसलो होतो. हे लिहिताना मला त्याची लाज वाटते, पण हसलो होतो हे खरं आहे. मराठीत 'मत' या एकाच शब्दाने किती छान काम भागतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं होतं. पडदे हिरवे आले.

ऑक्टोबरात कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, मतदारयादीचा फॉर्म आला. घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं घरमालकाने त्यात भरून पाठवायची असतात. आपल्यासारख्या कॉमनवेल्थमधल्या माणसाला इथे आल्याआल्या मताचा हक्क असतो हे तोवर मला माहीतच नव्हतं. पासपोर्ट भारताचा, व्हिसा तात्पुरता, आणि मत मात्र इथल्या राणीच्या पार्लमेंटला. डॉक्टरांनी टाय नीट केला, फाउंटन पेन काढलं आणि सोहळा असल्यासारखा फॉर्म भरला. वर स्वतःचं नाव. खाली माझं, वडिलांच्या नावासकट, प्रत्येक अक्षर मला विचारून. मग त्यांनी सही केली. खालच्या ओळी मोकळ्या राहिल्या होत्या. टेस्टरची नजर रिकाम्या रकान्यावर आधी जाते, त्यामुळे मी बोलून गेलो की काकूंचं राहिलं.

"तिचं नाही," डॉक्टर म्हणाले. "थर्टी इयर्स. मी घालत नाही."

त्या वेळी काकू तिथेच डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मग डॉक्टरांनी मला ती हकिगत सांगितली, काकूंच्या देखत, आणि एखाद्या जुन्या केसची सांगावी तशी.

चौऱ्याहत्तर साली ते लँकेशरमधल्या एका गिरणीच्या गावात हॉस्पिटलमध्ये ज्युनिअर होते. लालवाल्यांच्या स्थानिक कमिटीत त्यांना घेतलं होतं. पत्रकं वाटायची, दारोदार जायचं, आणि कमिटीच्या खोलीत खात्रीच्या मतांची यादी करायची. संध्याकाळी त्या गोऱ्यांच्या बरोबरीने बसून चहा प्यायचा. गावातल्या काळ्यासावळ्या माणसांत तो मान तोवर कुणालाच मिळालेला नव्हता. माझ्या घरची दोन मतं नक्की, असं त्यांनी यादीत स्वतःच्या हाताने लिहिलं. मतदानाच्या दिवशी त्यांची ड्यूटी होती, ते पहाटेच उठून दार उघडायच्या वेळी मत देऊन गेले. काकू दुपारी एकट्या गेल्या, आणि मत न देता परत आल्या. "आणि ती सीट गेली," डॉक्टर म्हणाले. "किती मतांनी? एका मताने." त्यांनी काकूंकडे बोट केलं. "हे ते मत."

मी म्हटलं, बापरे. काकू उठून डाळ धुवायला गेल्या.

काकूंची बाजू मला कळायला डिसेंबर उजाडला. डॉक्टर दर वर्षी काकूंना घेऊन आठवडाभर सहलीच्या बसने फिरायला जात. दर वर्षी एक प्रांत. चौऱ्याहत्तरला जिथे थोडक्यात निकाल लागला अशा गावांना ते भेटी देत आणि मतमोजणी जिथे झाली त्या टाउन हॉलसमोर काकूंना उभं करून फोटो काढत. काकू मला त्या फोटोंचा अल्बम दाखवत होत्या. इतर बायकांच्या अल्बममध्ये समुद्र असतो, धबधबे असतात, यांच्यात नुसते टाउन हॉल, आणि प्रत्येकासमोर साडीवर तोच करडा कोट घातलेल्या काकू. डॉक्टर त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, नाहीतर त्या बोलल्या नसत्या.

काकू कऱ्हाडच्या एका शाळामास्तरांची मुलगी. मॅट्रिक झालेल्या. इंग्रजी वाचता यायचं, बोलताना जीभ अडखळायची. त्या वेळी मतदारयादीचा फॉर्म भरताना डॉक्टरांनी त्यांचं नाव आपल्या रीतीप्रमाणे पूर्ण लिहिलं होतं: त्यांचं नाव, मध्ये नवऱ्याचं, मग आडनाव. घरी आलेलं पोलिंग कार्ड डॉक्टरांनी फाइलला लावून ठेवलं, आठवण म्हणून. कार्ड लागत नाही, नाव सांगितलं की झालं, असं त्यांनी बजावलं होतं. काकू रांगेत उभ्या राहिल्या. टेबलापाशी एक माणूस यादी घेऊन बसलेला. त्याने पूर्ण नाव विचारलं. काकूंनी आपलं नाव सांगितलं आणि आडनाव सांगितलं. तो यादीत बघून म्हणाला, मध्ये आणखी एक नाव आहे, ते काय? बघितलं तर त्याच्यासमोर लिहिलेलंच होतं ते.

"मला ते घेता येईना रे," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे घेतच नसत. नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. सासूबाईंनी तर निघताना शपथ घातली होती, परक्या मुलखात जातेस, चुकूनही घेऊ नकोस. घ्यायचं तर उखाण्यात. आता त्याला इंग्रजीत उखाणा कसा घालू?"

त्या हसल्या, म्हणून मीही हसलो. तो माणूस पुन्हा विचारत राहिला, जरा मोठ्याने, त्या बहिऱ्या असल्यासारखा. मागे रांगेत ओले कोट घातलेल्या बायका थांबल्या होत्या. कुणीतरी काहीतरी बोललं, ते काकूंना पुरतं कळलं नाही, पण सूर कळला. त्या वळल्या आणि चालत घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी कमिटीच्या खोलीत खात्रीच्या यादीवर खुणा करणाऱ्या माणसाने डॉक्टरांना सगळ्यांसमोर विचारलं की डॉक, तुमची मिसेस आली नाही वाटतं. बस, एवढंच. डॉक्टर घरी आले, कोट न काढता त्यांनी सांगितलं की सीट एका मताने गेली. महिन्याभरात त्यांनी बदली मागून घेतली. दक्षिणेत आल्यावर त्यांनी पुन्हा कधी कुठल्या पक्षात पाय ठेवला नाही. तक्ते करायला मात्र लगेच घेतले.

"मी कधी कुणाला विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "विचारणार कुणाला? पण तू कंप्युटरवर काम करतोस. लायब्ररीत जातोस. एवढं मला बघून सांग. खरंच एकाच मताने गेली का? असेल तर असू दे. पण एकदा मला कळू दे."

मी म्हटलं, त्यात काय, उद्याच सांगतो.

दहा मिनिटं लागली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, सँडविच खाता खाता. मला ते खरं वाटेना म्हणून शनिवारी सेंट्रल लायब्ररीत जाऊन संदर्भविभागातलं जुनं जाडजूड पुस्तक काढून घेतलं आणि पुन्हा ताडून बघितलं. सीट निळ्यांनीच जिंकली होती, त्यात वाद नाही. पण फरक चार आकडी होता. काकूंनी मत दिलं असतं, त्यांच्या गल्लीतल्या सगळ्यांनी दोनदोनदा दिलं असतं, तरी ढिम्म फरक पडला नसता. घरी येऊन मी लँकेशरचा तक्ता नीट बघितला. तीन महिने त्याच्यासमोर उभा राहत होतो, आणि माझ्यासारख्या टेस्टरला ते दिसलं नव्हतं. सगळ्या चौकोनांत आकडे होते. त्या एका चौकोनात निळा रंग होता आणि आकडा नव्हता.

इथे मी पहिली चूक केली. काकूंकडे जायच्या आधी मी डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं, त्यांना बिचाऱ्यांना माहीत नसेल. जुन्या गडबडीत कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल, आणि खरा आकडा कळला की ते मोकळे होतील. खरं सांगायचं तर मला शाबासकीही हवी होती. आकडा आणला होता ना मी.

ते पेन्सिलीला टोक करत होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, पेन्सिल उजेडात धरून टोक बघितलं, आणि विचारलं, "तुला कोणी सांगितलं शोधायला?"

मी म्हटलं, काकूंनी.

"मी दोन मतं सांगितली होती," ते म्हणाले. "पडलं एक. फरक किती?"

"एक," मी म्हटलं.

"मग? पुस्तकातला आकडा त्यांचा आहे. हा माझा आहे."

मी काहीतरी पुटपुटलो, की पण काकूंना वाटतं त्यांच्यामुळे सीट गेली. ते म्हणाले, तिला तेवढं वाटायलाच पाहिजे. आवाज अजिबात चढला नव्हता. पुढे ते म्हणाले की चाळीस माणसांची कमिटी होती, सगळे इंग्लिश, त्यात मी एक, आणि त्या दिवशी मला त्यांच्यासमोर कळलं की मी घरातलं एक मत आणू शकत नाही. असं तुझ्यावर आलं असतं तर तू काय केलं असतंस ते सांग, आकड्यात सांग. मग त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, आणि एकदम वेगळ्याच, मायेच्या सुरात म्हणाले, "तुझ्या बायकोच्या व्हिसाचं पत्र मी टाइप करून ठेवलंय. राहायला पुरेशी जागा आहे वगैरे. सही तेवढी बाकी आहे."

त्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. त्यांनी एक वाक्य उच्चारलं आणि त्याच्या शेजारी दुसरं वाक्य ठेवलं. माझं लग्न होऊन चौदा महिने झाले होते, त्यातले शेवटचे चार मी एकटा होतो. घरमालकाच्या पत्राशिवाय डिपेंडंट व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नव्हता, आणि दुसरी खोली शोधून, दुसऱ्या मालकाकडून पत्र घेऊन पुन्हा सुरुवात करायची म्हणजे उन्हाळा गेला असता. हे सगळं मी त्यांच्यासमोर उभा राहून एका क्षणात मोजलं. डॉक्टरांनी मला मार्जिनल ठरवलं ते त्या क्षणी असणार.

त्या संध्याकाळी काकूंनी पोळी वाढताना हळूच विचारलं, सापडलं का रे?

"नाही हो काकू," मी म्हटलं. "फार जुनं आहे. कंप्युटरवर नाहीये ते."

त्या म्हणाल्या, राहू दे मग, तुला उगाच त्रास. आणि तूप जास्त वाढलं.

फेब्रुवारीत पत्रावर सही झाली. एप्रिलात बायकोचा व्हिसा आला. सांगायला आता काहीच हरकत नव्हती, आणि तरीही मी सांगितलं नाही, कारण आता इतके दिवस का सांगितलं नाहीस याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. दर रविवारी तक्त्यासमोरचं व्याख्यान चालूच होतं. लँकेशर आलं की डॉक्टर छडी त्या चौकोनावर ठेवून माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो. पडद्यांसारखी मतदानंही चालू होती, आणि काकूंना मत नसल्याचा तो विनोदही, पण मला त्यात हसू येईनासं झालं होतं. येईनासं झालं तरी मी तोंड हसरं ठेवायचो. त्या घरात राहायचं तर एवढं करावं लागे, अशी मी माझी समजूत घातली होती.

मे महिन्यात पार्लमेंटची निवडणूक लागली. वॉटफर्डची सीट त्या वेळी तिहेरी चुरशीची होती, लाल, निळे, पिवळे तिघेही दारावर येऊन जात होते, आणि डॉक्टरांच्या अंगात आलं होतं. मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधीच दारात जाऊन ते पहिलं मत देऊन आले. आल्यावर मला ऑफिसला निघताना दारात अडवलं आणि सांगितलं की संध्याकाळी गेलास का ते मी विचारणार आहे.

संध्याकाळी सहाला मी निघालो तेव्हा काकू पिशवी घेऊन चपला घालत होत्या. वाटेवरच्या गुजराती दुकानात मेथी आली होती, ती आणायची होती. मतदान जवळच्या प्राथमिक शाळेत होतं. दुकान शाळेच्या अलीकडे होतं, पण मेथी घेऊन झाल्यावरही त्या माझ्याबरोबर पुढे चालत आल्या. फाटकापाशी थांबल्या. म्हणाल्या, तू जाऊन ये, मी आहे इथे.

आत टेबलाशी एक बाई होती. तिने रस्ता आणि घराचा नंबर विचारला, मग नाव. मी नुसतं आडनाव सांगितलं. तिने पट्टीने यादीत रेघ मारली, कागद दिला, आणि मी दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारून तो पेटीत टाकला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं होतं आणि कुणाला दिलं तेसुद्धा आता मला आठवत नाही. बाहेर आलो तर काकू मेथीची पिशवी दोन्ही हातांनी धरून, शाळेत मुलाला सोडायला आलेली आई उभी राहते तशा उभ्या होत्या.

परत येताना त्यांनी पिशवीत डोकावून मेथी नीट केली. मग त्यांनी विचारलं, आत कसं असतं आता? मी सांगितलं. नाव विचारतात का? मी म्हटलं, हो, पण आडनाव सांगितलं तरी चाललं. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "मग त्या वेळी तो माणूस माझ्याकडून कशाला वदवून घेत होता?"

मला ते सहन झालं नाही. फुटपाथवर, बसस्टॉपच्या शेजारी, मी सगळं सांगून टाकलं. सीट एका मताने गेली नव्हती. फरक चार आकडी होता. तुमच्या मताने काहीही झालं नसतं. डॉक्टरांना हे माहीत आहे, पहिल्यापासून माहीत होतं. बोलताना मला वाटत होतं की मी काहीतरी मोठं काम करतोय. त्या रडतील, मला जवळ घेतील, निदान देवाचं नाव तरी घेतील, असं काहीसं मी धरून चाललो होतो.

काकूंनी आकडा पुन्हा विचारला. मी सांगितला. त्यांनी तो एकदा स्वतःशी म्हटला, इंग्रजीत, एकेक अंक सुटा. मग विचारलं, "तू कधी बघितलंस?"

"डिसेंबरात," मी म्हटलं. "त्याच आठवड्यात."

बस आली, दोन माणसं उतरली, बस गेली. काकू माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. डॉक्टर सगळ्यांना चष्म्यावरून बघायचे तसंही नव्हे. आपण इतके दिवस कुणाला जेवायला वाढत होतो ते नीट बघून घ्यावं, तसं.

"त्यांचं मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "त्यांना चारचौघांत खाली बघावं लागलं. आणि मला मत नव्हतं. तुला होतं ना?"

मी बायकोच्या व्हिसाचं, पत्राचं, सहीचं सांगू लागलो. त्यांनी ते ऐकलं, मध्ये थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागल्या. घरी डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी विचारलं, दिलंस का? मी हो म्हटलं. काकू आत जाऊन मेथी निवडायला बसल्या. त्या रात्री किंवा पुढे कधी त्यांनी डॉक्टरांना काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्यानंतरच्या रविवारीही लँकेशरच्या तक्त्यावर छडी त्याच चौकोनावर थांबली, आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत राहिला.

जूनमध्ये बायको आली आणि आम्ही स्लाऊला वेगळी जागा घेतली. डॉक्टरांनी मला निघताना मिठी मारली. असा चांगला टेनंट पुन्हा मिळणार नाही म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. तोवरचे चार आठवडे मात्र मी त्याच घरात काढले. मतदानानंतरच्या पहिल्याच सकाळी मी ऑफिसला जायला खाली उतरलो तेव्हा काकू ओट्याशी होत्या. रोज त्या पाठमोऱ्याच, अरे, डबा विसरू नकोस, असं ओरडून सांगायच्या. त्या दिवशी त्या वळल्या, हात पदराला पुसले, आणि ऑफिसातल्या साहेबाशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, "तुमचा डबा भरून ठेवला आहे. घेऊन जा."